ओठ मिळत नाहीत, तरी चालेल

कुठल्याही ब्लू-रे डिस्कचं परीक्षण उघडून बघा. चित्रावर चार परिच्छेद असतात. ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) कसा दिसतो, काळोख किती काळा आहे, चेहरे पिवळट पडलेत का, स्कॅन निगेटिव्हवरून केलाय की प्रिंटवरून. मग आवाजाची पाळी येते आणि लिहिणाऱ्याला अचानक घाई होते. ‘संवाद स्पष्ट ऐकू येतात, सिनेमाच्या वयाच्या मानाने ट्रॅक चांगला आहे.’ झालं. कुणाचे संवाद? ते कुठे म्हटले गेले, कोणत्या साली, त्याच नटाच्या तोंडून की भलत्याच कुणाच्या? यातलं काही नाही.

मला हे खटकतं, कारण माझं घर त्या दोन ओळींवर चालतं. मी डबिंग रेकॉर्डिस्ट आहे. गोरेगावात एका इमारतीच्या तळघरात काचेच्या अलीकडे मी, पलीकडे कलाकार, आणि दिवसभर माझ्या तोंडी एकच वाक्य: ‘ओठ नाही मिळाले, परत घेऊ.’ १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीतून आला, तुफान चालला, आणि आमच्या धंद्याला दिवस आले. त्याच लाटेवर मी आत शिरले. हॉलिवूड झालं, कार्टून झाली, आता कोरियन मालिका. घरी आल्यावर एखादी शहाणी बाई जेवून झोपेल. मी हेडफोन लावते आणि इटलीतले नाहीतर हाँगकाँगचे साठ-सत्तरच्या दशकातले सिनेमे बघत बसते. हातमोजे घातलेले खुनी, घोडेस्वार, शाओलिनचे भिक्षू, मधूनच एखादा रबरी राक्षस. यांत ओठ कधीच मिळत नाहीत, आणि ते न मिळणं माझ्या जबाबदारीत येत नाही. यापेक्षा मोठी विश्रांती मला माहीत नाही.

भाचा विचारतो, ‘मावशी, तू सिनेमा बघतेस की तपासतेस?’ दोन्ही, बाबा. वही घेऊनच बसते, आणि मग या डिस्कवर लिहिते.

या सिनेमांच्या डिस्कवर लिहिणारे बहुतेकजण एक गोष्ट गृहीत धरतात. इटालियन सिनेमा आहे ना, मग इटालियन ट्रॅक खरा आणि इंग्रजी ट्रॅक खोटा. कुंग-फू असेल तर चिनी खरा, इंग्रजी म्हणजे विनोद. जागतिक सिनेमाच्या महोत्सवांत आपल्याला लागलेली ही चांगली सवय आहे, पण इथे ती लागू पडत नाही. कारण या सिनेमांच्या सेटवर जे बोललं गेलं ते कुणाला हवंच नव्हतं.

इटलीत महायुद्धानंतर बराच काळ बहुतेक सिनेमे नंतर आवाज भरायचा या हिशेबानेच शूट व्हायचे. सेटवर माइक असला तरी तो गाइड ट्रॅकपुरता, म्हणजे नंतर डबिंगला आधार म्हणून. कॅमेऱ्यावर आवाज दाबणारं आवरण नाही, त्यामुळे तो घरघरतोय. शेजारच्या सेटवर सुतार ठोकतोय. दिग्दर्शक चालू शॉटमध्ये ओरडून सूचना देतोय. दिग्दर्शक फेलिनीने नटांना संवादाऐवजी आकडे म्हणायला लावल्याच्या गोष्टी तर प्रसिद्धच आहेत. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी भाषेतले संवाद पडद्यावर ऐकवायला बंदी होती. परदेशी सिनेमा दाखवायचा तर तो इटालियनमध्ये डब करूनच. त्यातून रोममध्ये डबिंगचा पक्का धंदा उभा राहिला आणि युद्ध संपल्यावरही तो टिकला. मग वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, आले. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उन्हात एक अमेरिकन, दोन इटालियन, एक जर्मन आणि पाच-सहा स्पॅनिश नट एकाच फ्रेममध्ये उभे, आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतोय. यातली ‘मूळ भाषा’ कोणती काढायची?

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, खरं तर. हिंदी सिनेमाही वर्षानुवर्षं असाच चालला. २००१ मध्ये ‘लगान’ आला तेव्हा सेटवरच आवाज ध्वनिमुद्रित केलाय याची बातमी झाली होती.

हाँगकाँगची तऱ्हा आणखी वेगळी. शहर कँटोनीज बोलणारं, पण शॉ ब्रदर्स या बड्या कंपनीचे सिनेमे मँडरिन या दुसऱ्या चिनी भाषेत, कारण तैवान आणि आग्नेय आशियातला बाजार हवा होता. नट कुठलाही असो, पडद्यावर मँडरिन. सत्तरीच्या सुरुवातीला तर कँटोनीज सिनेमा जवळजवळ बंदच पडला होता. १९७३ मध्ये ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ने तो पुन्हा उभा केला. सेटवर ध्वनिमुद्रण तिथे सर्रास सुरू व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. बाहेर पाठवायच्या इंग्रजी आवृत्त्याही बऱ्याचदा हाँगकाँगमध्येच व्हायच्या. तिथे राहणारे इंग्रज, ऑस्ट्रेलियन, रेडिओवर बातम्या वाचणारे, असे लोक दिवसाचं काम आटोपून माइकपुढे उभे राहायचे. म्हणूनच दहा सिनेमांत तोच गुंड, तोच गुरू, तोच सरदार ऐकू येतो. आमच्याकडेही अशी दहा-बारा माणसं आहेत, ज्यांच्यावर अर्धा टीव्ही चालतो. मला ते आवाज आता नातेवाईकांसारखे ओळखता येतात.

आता ‘द बिग बॉस’ घेते, कारण माझं सगळं म्हणणं या एका सिनेमात सापडतं.

१९७१. गोल्डन हार्वेस्ट ही कंपनी नुकतीच निघालेली, दिग्दर्शक लो वेई, शूटिंग थायलंडमध्ये पाक चोंगला. ब्रूस ली पहिल्यांदाच मोठ्या चिनी सिनेमाचा नायक. तो थायलंडला नातेवाईकांकडे राहायला येतो, बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागतो. मारामारी करणार नाही असं आईला वचन दिलेलं, म्हणून गळ्यात जेडचं पदक. बर्फाच्या लाद्यांत अंमली पदार्थ लपवलेले निघतात, भाऊबंद एकेक करून गायब होतात, आणि हा नायक सिनेमाचा बराच मोठा भाग हात बांधून उभा राहतो. पदक तुटतं तेव्हाच तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने हात उचलतो.

मँडरिन ट्रॅकवर ब्रूस लीचा आवाज ब्रूस लीचा नाही. त्याची भाषा कँटोनीज आणि इंग्रजी. मँडरिनसाठी दुसरा माणूस बोलला. इंग्रजी ट्रॅकवर तिसराच. म्हणजे ‘चिनी भाषेत बघ, त्यात खरा ब्रूस ली आहे’ असं सांगणाऱ्याला मी विचारते, कुठे आहे दाखव. शरीर त्याचं आहे, तेवढं पुरे.

पण खरी गंमत संगीताची. मँडरिन आवृत्तीला वांग फू-लिंग या संगीतकाराचं संगीत आहे. पश्चिमेकडे पाठवायच्या इंग्रजी आवृत्तीसाठी पेटर थोमास या जर्मन संगीतकाराने सगळं नव्याने केलं. हा गृहस्थ जर्मनीतल्या एडगर वॉलेसच्या कथांवरच्या रहस्यपटांना आणि तिथल्या गाजलेल्या अंतराळमालिकेला संगीत देणारा. त्याने ब्रास आणि ताल असे लावलेत की पाक चोंगच्या धुळीत एकदम युरोपातलं रात्रीचं शहर शिरतं. मग १९७४ मध्ये जपानसाठी आवृत्ती निघाली, तिला जोसेफ कूचं संगीत. आणि १९८३ मध्ये कँटोनीज आवृत्ती आली, तिच्यात कूच्या संगीताबरोबर पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिम्झन या रॉक बँडचे तुकडे चक्क चिकटवलेले. एकच चित्र, चार वेगवेगळे कान.

पदक तुटण्याचा प्रसंग मी वांगच्या आणि थोमासच्या संगीतावर एकापाठोपाठ एक बघितला आहे. वांगचं संगीत प्रसंगाच्या मागे चालतं; आधी घडतं, मग वाजतं. त्यामुळे नायक जो वेळ गप्प उभा आहे तो तुम्हाला जड जातो, आणि हात उठतो तेव्हा बरं वाटण्याऐवजी पोटात गोळा येतो, कारण वचन मोडलंय. थोमास आधीच तयार असतो. त्याच्या वाद्यांना माहीत आहे की हा माणूस आता सगळ्यांना लोळवणार, आणि ती आनंदाची वार्ता ती तुम्हाला देऊन टाकतात. पहिला सिनेमा आईला दिलेल्या शब्दाचा आहे, दुसरा नव्या ताऱ्याचा. मला पहिला जास्त आवडतो. पण अमेरिका-युरोपात ब्रूस ली ज्या सिनेमाने पोचला तो दुसरा होता, तेव्हा त्याला खोटा म्हणून ढकलायची माझी तयारी नाही.

२०२३ मध्ये अ‍ॅरो कंपनीने गोल्डन हार्वेस्टच्या ब्रूस ली चित्रपटांचा जो संच काढला, त्यात ‘द बिग बॉस’ची अधिक लांबीची मँडरिन प्रतही दिली. त्यावर परीक्षणं भरपूर आली. जास्तीचे प्रसंग कोणते, त्यांचा रंग बाकीच्यांशी जुळतो का, यावर पानंच्या पानं. ट्रॅकची यादी मात्र एका ओळीत उरकलेली, जसं काही ते भाषेचं बटण आहे. अरे, ते भाषेचं बटण नाही. ते बदललं की संगीतकार बदलतो, नायकाचा स्वभाव बदलतो, कधी कधी कथाही बदलते.

इटलीकडे वळते. सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ १९६६ च्या डिसेंबरमध्ये इटलीत लागला, तो लांब होता. अमेरिकेत गेला तो १६१ मिनिटांचा होऊन. कापलेल्या प्रसंगांचं इंग्रजी डबिंग कधी झालंच नव्हतं. २००३ च्या सुमारास स्टुडिओने ते प्रसंग परत जोडायचं ठरवलं आणि क्लिंट ईस्टवुड व एलाय वॉलॅक या दोघांना पुन्हा माइकपुढे उभं केलं. ईस्टवुड सत्तरी ओलांडलेला, वॉलॅक नव्वदीकडे झुकलेला. तिसरा मुख्य नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेलेला, त्याच्या जागी सायमन प्रेस्कॉट हा नट बोलला.

चाहते या प्रसंगांवर हसतात. मी हसत नाही, कारण मला त्या खोलीतली परिस्थिती डोळ्यांपुढे दिसते. छत्तीस वर्षांच्या स्वतःच्या ओठांवर सत्तरीच्या घशातून शब्द बसवायचे. आवाज नुसता जाड होत नाही वयाने. श्वास कुठे घ्यायचा ते बदलतं. तरुण माणूस एका दमात जे वाक्य टाकतो तिथे म्हातारा मधे अडतो, आणि पडद्यावरचे ओठ काही अडत नाहीत. त्यात माइक नवा, खोली नवी. १९६६ च्या मोनो (एकाच चॅनेलच्या) ट्रॅकला स्वतःची एक धूळ आहे, कडा घासलेल्या आहेत, आणि मधेच २००३ चा लख्ख, तोंडाजवळचा आवाज येतो. डोळे मिटूनही कुठला प्रसंग जोडलेला आहे ते सांगता येतं. तरीही वॉलॅकने जे केलंय ते विलक्षण आहे. त्याच्या टुकोची चिडचिड, ती चावटपणाची लकब, सगळं शाबूत.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याच वेळी जो ५.१ (सहा चॅनेलचा) ट्रॅक तयार केला गेला त्यात बंदुकांचे आणि तोफांचे काही आवाज बदलून नवे बसवले. लिओनेच्या सिनेमातली गोळी ही खऱ्या गोळीसारखी वाजतच नाही, ती शिट्टी मारत दगडावरून घसरत जाते, तिचं एक वेगळंच व्याकरण आहे. ते काढून तुम्ही आजच्या सिनेमातला धडाम् आवाज घातलात तर मग संगीतकार मॉरिकोनेच्या संगीतातली शिट्टी कुणाशी बोलणार? पुढे किनो लॉर्बर कंपनीच्या आवृत्तीत जुना मोनो परत आला. तोवर कितीतरी परीक्षणांत ‘मागच्या स्पीकरमधून तोफा छान ऐकू येतात’ असं कौतुक छापून झालं होतं.

आणि इटालियन ट्रॅक? त्यावर ईस्टवुडला एन्रिको मारिया सालेर्नोचा आवाज आहे. भारदस्त नट, छातीतून येणारा आवाज. ईस्टवुडची ती दातांतून सांडणारी कुजबुज तिथे नाही. इटलीच्या माणसासाठी मात्र हाच ‘खरा’ ब्लाँडी, त्याचे ओठ मिळोत न मिळोत.

दारिओ आर्जेंतोच्या ‘डीप रेड’मध्ये (१९७५) हा सगळा घोळ उघडाच पडतो, म्हणून नवख्या माणसाला मी तीच डिस्क देते. लांब इटालियन आवृत्ती साधारण १२६ मिनिटांची, परदेशी पाठवलेली १०५ च्या आसपास. कापलं ते खून वगैरे फारसं नाही. डेव्हिड हेमिंग्ज आणि दारिया निकोलोदी यांच्या नोकझोकीचे प्रसंग उडवले. त्यांचा इंग्रजी आवाजच उपलब्ध नाही. तेव्हा लांब आवृत्ती इंग्रजी ट्रॅकवर लावलीत तर हेमिंग्ज अस्सल इंग्रज उच्चारात बोलता बोलता मधेच इटालियन बोलायला लागतो, आणि दोन मिनिटांनी परत इंग्रजीत येतो, जसं काही झालंच नाही. भाचा पहिल्यांदा उठून रिमोट शोधायला लागला होता. मी म्हटलं, ‘बस, डिस्क बिघडलेली नाही. ही शिवण आहे.’

मला ही शिवण आवडते. लांब आवृत्ती इटालियनमध्ये बघावी, छोटी इंग्रजीत, असा माझा सल्ला. पण एकदा तरी हा सरमिसळ ट्रॅक लावावा. सिनेमा किती तुकड्यांचा बनतो ते इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे कळत नाही.

याच दिग्दर्शकाचा ‘सस्पिरिया’ (१९७७) रंगांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या डिस्कच्या परीक्षणांत लाल रंगावर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं बहुधा दुसऱ्या कुठल्या सिनेमाच्या रंगावर लिहिलं गेलं नसेल. छायालेखक लुचियानो तोव्होली यांच्या देखरेखीखाली जे पुनरुज्जीवन झालं, त्याच्या सिनॅप्स कंपनीच्या डिस्कवर चार चॅनेलचा मूळ इंग्रजी स्टीरिओ मिश्रणाचा ट्रॅक परत दिलाय. गॉब्लिन या बँडचं संगीत त्यावर भिंतींतून येतं. आधीची वर्षानुवर्षं लोक जे ऐकत होते ते नंतरचं मिश्रण होतं. हेडफोन काढून स्पीकरवर ऐका, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

शॉ ब्रदर्सचं प्रकरण लांबेल, तरी थोडं सांगते. लहानपणी डोंबिवलीत व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट यायच्या त्यांत हे सिनेमे असायचे. रुंद पडद्याचं चित्र टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी दोन्ही बाजू कापलेल्या, म्हणजे जवळपास चाळीस टक्के चित्र गेलेलंच. मारणारा दिसायचा, मार खाणारा फ्रेमबाहेर. २००० साली सेलेस्टियल पिक्चर्सने शॉचे साडेसातशेहून जास्त सिनेमे घेतले आणि पुढे स्वच्छ, पूर्ण रुंदीच्या डीव्हीडी काढल्या. चित्र पाहून डोळ्यांत पाणी आलं. आवाज ऐकून वेगळ्या कारणाने आलं, कारण काही ठिकाणी ५.१ च्या नादात नवे आवाज भरले होते, तलवारींची नवी खणखण, पावलांची नवी ठकठक.

२०२१ मध्ये अ‍ॅरोचा ‘शॉस्कोप’ संच आला, बारा सिनेमांचा, त्यातले काही निगेटिव्हवरून नव्याने केलेले. त्यात त्यांनी एक काम असं केलं की मी त्यांना मनोमन नमस्कार केला: लंडनच्या डी वुल्फ या संगीतसाठ्यातल्या तुकड्यांच्या सीडी सोबत दिल्या. शॉच्या सिनेमांत संगीत बऱ्याचदा असं तयार साठ्यातूनच यायचं, आणि कधी कधी सरळ उचललेलंही. ‘किंग बॉक्सर’मध्ये (१९७२) नायकाचे हात लाल होतात तेव्हा जो भोंगा वाजतो तो क्विन्सी जोन्सने ‘आयर्नसाइड’ या अमेरिकन मालिकेसाठी केलेल्या संगीतातला आहे.

त्याच संचात ‘द माइटी पेकिंग मॅन’ (१९७७) आहे. राक्षसी वानर, हिमालयाच्या पायथ्याचं जंगल, आणि त्या जंगलासाठी निवडलेलं ठिकाण म्हैसूर. जंगलात वाढलेली नायिका म्हणून स्विस नटी एव्हलिन क्राफ्ट. हा सिनेमा मी इंग्रजीत बघू नका असं सांगते, मँडरिनमध्येही बघू नका असं सांगायचा मोह होतो, कारण कर्नाटकातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर दोन्ही सारखेच उपरे बसतात. सेटवर ती माणसं काय बोलली असतील ते कुणी टिपून ठेवलेलं नाही. मला त्या गर्दीच्या आवाजाची पट्टी हवी होती, वानरापेक्षा जास्त.

वहीत मी नेमकं काय टिपते ते विचारलं जातं, तर सांगते. रीळ बदलाची जागा आधी. प्रिंटचं एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला झीज जास्त, म्हणून तिथे चरचर वाढते. दर वीस मिनिटांनी चरचर दाट होत असेल तर आवाज प्रिंटवरून घेतलाय, डिस्कच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. आणि चरचर अजिबातच नसेल तर मला जास्त शंका येते. मग मी ‘स’ आणि ‘श’ ऐकते. हिस, म्हणजे मागची सतत येणारी सू-सू, काढायच्या यंत्राने वरच्या पट्ट्या खरवडल्या की हे दोन वर्ण बोबडे होतात, आणि संवादांच्या मधली शांतता एकदम बंद कपाटासारखी होते. जुन्या ट्रॅकवर थोडी हिस हवीच. ती खोलीची हवा आहे.

दुसरं, वेग. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी २४ ऐवजी २५ फ्रेमने चालायच्या. शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत आटपायचा आणि सूर अर्ध्या स्वराच्या पाऊणपट, जवळपास, वर जायचा. पेटीवर सांगायचं तर पांढरी चारचं गाणं काळी तीनकडे सरकायचं. ज्याने मॉरिकोने त्या डीव्हीडींवर पाठ केलाय त्याला ब्लू-रेवरचा बरोबर सूर उतरलेला वाटतो. अशी पत्रं मला येतात. नवी डिस्क खराब आहे म्हणून. अजून विचित्र म्हणजे, काही वेळा नव्या चित्राखाली जुना, चढलेल्या सुराचाच ट्रॅक ताणून बसवलेला असतो आणि सूर दुरुस्त करायचा राहून जातो. पेटी घेऊन बसल्याशिवाय ते सापडत नाही, आणि आमच्या घरी सासूबाईंची पेटी आहे, त्यांची हरकतही नसते. एकदा त्यांनीच सांगितलं, ‘अगं, हे वर लागतंय.’

तिसरं, सबटायटल्स. ऐकू मँडरिन येतंय आणि खाली इंग्रजी डबिंगच्या ओळी छापल्यात, हा आळस अजून संपलेला नाही. ओळखायची सोपी खूण: पात्र तीन अक्षरं बोलतं आणि खाली दोन ओळींचा विनोद येतो, किंवा पाठमोरं पात्र गप्प असताना खाली वाक्य उमटतं. डबिंगवाल्यांनी ओठ भरण्यासाठी घातलेले शब्द ते, आम्हीही घालतो. ते सबटायटलमध्ये आले की मला आमचाच कचरा दुसऱ्याच्या अंगणात दिसल्यासारखं होतं.

चित्राबद्दल मी थोडंच लिहिते, ते काम करणारे पुष्कळ आहेत. टेक्निस्कोप एवढं लक्षात ठेवा. फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोन छिद्रांची फ्रेम, निम्मी निगेटिव्ह खर्च, म्हणून इटलीतल्या निर्मात्यांची लाडकी. फ्रेम लहान म्हणून ग्रेन मोठा. तो पुसून गुळगुळीत चेहरे केलेली डिस्क परत करा. आणि लिओनेच्या त्या सिनेमाच्या २०१४ च्या डिस्कवर सगळं वाळवंट काविळीसारखं पिवळं झालं होतं, त्यावर भांडणं झाली ती योग्यच झाली.

ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेत, आणि एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. भारतात बसून हा छंद करणं म्हणजे ब्लू-रेच्या सी विभागात राहून ए आणि बी विभागाच्या डिस्क मागवणं. सगळे विभाग चालवणारा प्लेअर घ्यावाच लागतो. ४के डिस्कना विभागाचं बंधन नाही ही एक मेहेरबानी. इथे दुकानात या सिनेमांपैकी काही मिळत नाही. भाचा परदेशातून येताना चपलांच्या खोक्यात घालून आणतो. पार्सलने मागवलेल्या एका संचावर जकात इतकी लागली की नवऱ्याने विचारलं, ‘आत सोनं आहे का?’ मी त्याला खुनाचा एक प्रसंग लावून दाखवला. तो अर्ध्यात उठून चहा करायला गेला.

तारे मी देत नाही. लोक मागतात. त्याऐवजी प्रत्येक डिस्कखाली मी एवढं लिहिते की कुठला ट्रॅक आधी लावावा, कुठला नंतर, आणि कुठला लावूच नये. ‘द बिग बॉस’: आधी मँडरिन, वांगचं संगीत. आठवडाभराने इंग्रजी, थोमाससह. मधे दुसरा काही सिनेमा बघू नका. पिंक फ्लॉइडवाला कँटोनीज ट्रॅक सापडला तर मित्रांना बोलावून, रात्री, आवाज मोठा ठेवून.

पुढच्या खेपेला ‘चायनाटाउन किड’. शॉस्कोपच्या संचात त्याचे दोन कट आहेत, एक ११५ मिनिटांचा आणि दुसरा नव्वदीच्या आतबाहेर. मी अजून पहिल्यावरच आहे, आणि तिसऱ्या रिळाच्या शेवटी पावलांचा आवाज संवादाच्या अर्धा सेकंद पुढे धावतोय. तो निगेटिव्हचाच आहे की डिस्क बनवताना घुसला, ते दुसरा कट लावल्यावर कळेल.